आत्याआजीची जर्मन बाहुली: डोळे आत पडलेत, इलॅस्टिक तुटलंय, नाकात नथ आहे. काय करू आणि काय नको?

सुईदोरा | १४ जून, रात्री ११:०५

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

वाईचं आमचं सासरचं घर मे महिन्यात रिकामं केलं. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती, सासऱ्यांच्या आत्यांची. आम्ही सगळे त्यांना माईआत्या म्हणायचो. ट्रंकेत त्यांची "विलायती बाहुली" आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं पण सासूबाई सोडून बघितलेली कुणीच नाही, कारण त्या हयात असताना कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत आणि १९८१ मध्ये त्या गेल्यावर ती ट्रंक कुणी उघडलीच नाही. घरातली आठवण अशी की लग्न होऊन वयाच्या नवव्या वर्षी त्या मुंबईला आल्या, यजमान जी.आय.पी. रेल्वेत (आजची मध्य रेल्वे), आणि माहेरच्या आठवणीने रडायच्या म्हणून त्यांच्या सासऱ्यांनी ही बाहुली आणून दिली.

तर ती मिळाली. वरती जुनं धोतर, त्याखाली बाहुली, आणि पालथी ठेवलेली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, माई तिला कायम पालथीच निजवायच्या, आम्हाला वाटायचं काही तरी अशुभ असेल म्हणून." ते ऐकून मला कसंतरीच झालं.

साधारण अठरा इंच आहे. तोंड चिनीमातीचं पण चकचकीत नाही, गालावरून बोट फिरवलं तर अंड्याच्या टरफलासारखं लागतं. ओठ जरासे उघडे आणि आत चार इवले दात. अंग लाकूड आणि कागदाच्या लगद्यासारखं कशाचं तरी, गुडघे-कोपरांना गोल सांधे. अंगात खणाची नऊवारी, आमच्याच घरातल्या कुठल्यातरी चोळीच्या तुकड्याची असणार, आणि त्याच्या खाली लेस लावलेला पांढरा जर्मन झगा. गळ्यात काळी पोत. नाकात नथ!! मोती नाहीत, बारीक पांढरे मणी आहेत, आणि नाकाला भोक नाही, नथ लाखेने चिकटवलेली आहे.

आता रडगाणं. डोळ्यांच्या जागी नुसती खोबणी, हलवलं की डोक्यात खुळखुळ वाजतं. हातपाय सुटलेले, आतलं रबर कडक होऊन त्याचा भुगा झालाय. उजव्या हाताचं एक बोट कुणीतरी घरीच केलेलं आहे, जाडजूड, आणि त्यावर लालसर काहीतरी फासलंय. केसांना अजून खोबरेलाचा वास येतो, खवट झालेला, पण खोबरेलच.

मानेमागे कोरलंय: आर्मांड मार्सेल, जर्मनी, ३९०.

मला ती उभी करायची आहे. पण भीती वाटते, त्याचं कारण सांगते. माझ्या आईची एक बाहुली होती, ती दहा-बारा वर्षांपूर्वी मी हौसेने एका दुकानात दुरुस्तीला दिली. परत आली तेव्हा चेहऱ्यावर स्प्रेचा रंग, नवे ओठ, नव्या भुवया, आईने हातात घेतली आणि म्हणाली "ही कोण?" आणि परत कधी मागितली नाही. ते मला पुन्हा होऊ द्यायचं नाही. कुणाला माहिती असेल तर सांगा.

---

बेधडक | १४ जून, रात्री ११:३१

मस्त खजिना सापडलाय!! काळजी करू नका, हातपाय फेविक्विकने बसतात, बोट एमसीलने नवं करा, तोंड कॉलिनने पुसा एकदम नवी दिसेल.

---

जपणूक | १५ जून, पहाटे २:४०

ताई, प्लीज बेधडक म्हणतायत त्यातलं काहीही करू नका (बेधडकभाऊ राग मानू नका, पुढे कारणं देते). मी मूळची नाशिकची, गेली चौदा वर्षं इंग्लंडात एका संग्रहालयाच्या संवर्धन विभागात आहे, आमच्याकडे खेळण्यांचं मोठं कपाट आहे आणि तुमच्या बाहुलीच्या सख्ख्या बहिणी मी हाताळल्या आहेत.

सगळ्यात आधी, आत्ता, हा प्रतिसाद वाचून झाला की लगेच: तिला परत पालथी ठेवा. मऊ पंचावर, तोंडाखाली घडी करून.

ही डोळे मिटणारी बाहुली आहे. काचेचे दोन डोळे एका लोखंडी तारेवर बसवलेले असतात, तारेला खाली शिशाचा गोळा असतो. बाहुली आडवी केली की गोळा मागे झुकतो, डोळे मिटतात. तारेची दोन टोकं डोक्याच्या आत दोन्ही बाजूंना प्लास्टरच्या टिकल्यांत अडकवलेली असतात. जुनं प्लास्टर सुटलं की हे सगळं धुड डोक्यात मोकळं फिरतं आणि ते शिसं आतून कपाळावर किंवा गालावर आपटलं की चेहऱ्याला तडा जातो. तुमची जी खुळखुळ आहे ना तीच सगळ्यात धोक्याची आहे. आणि म्हणूनच अशा बाहुल्या पालथ्या ठेवतात, उताणी ठेवली की गोळ्याचा ताण वर्षानुवर्षं त्या प्लास्टरवर येतो. माईआत्यांना हे कुणी सांगितलं होतं की स्वतःच लक्षात आलं होतं देव जाणे, पण त्यात अशुभ काही नव्हतं हो. त्या तिचे डोळे जपत होत्या.

तिची माहिती: कारखाना जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात, सोनेबर्गजवळ कोप्पेल्सडॉर्फ गावी. आर्मांड मार्सेल हा रशियात जन्मलेला माणूस, १८८५ च्या सुमारास त्याने तिथे कारखाना घेतला. ३९० हा त्यांचा सगळ्यात जास्त खपलेला साचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तीसेक वर्षं निघत होता त्यामुळे नुसत्या आकड्यावरून साल सांगता येत नाही. "जर्मनी" असं देशाचं नाव मानेवर आहे म्हणजे १८९० नंतरची, कारण त्या वर्षी अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. आणि १९१४ ला युद्ध लागलं तेव्हा जर्मन माल हिंदुस्थानात यायचा बंद झाला. माईआत्या नऊ वर्षांच्या कधी होत्या?

---

सुईदोरा | १५ जून, सकाळी ७:१५

पालथी ठेवली. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या "मी एकदा सरळ करून ठेवली होती तर माई केवढ्या चिडल्या होत्या."

१९०३ चा जन्म, म्हणजे १९१२. जुळतंय की हो!

---

खडूफळा | १५ जून, सकाळी ९:५०

वा, सकाळ सार्थकी लागली. या सोनेबर्गला जर्मनीचं खेळण्यांचं संग्रहालय आहे, १९०१ सालचं. आणि जवळच लाउशा म्हणून काचेच्या कारागिरांचं गाव, तिथे माणसांसाठी काचेचे कृत्रिम डोळे बनायचे आणि बाहुल्यांचेही. तुमच्या बाहुलीचे डोळे बहुधा तिथलेच. त्या भागात घरोघरी काम चालायचं, एक कुटुंब हात करतंय, दुसरं केस चिकटवतंय, पोरंसोरंसुद्धा कामाला. म्हणजे तिकडे लहान मुलींनी काम केलं आणि इकडे एका लहान सुनेच्या हातात आली. डोक्यातून जात नाही हे.

---

बेधडक | १५ जून, दुपारी १:०२

राग कसला ताई, उलट बरं झालं सांगितलंत. पण मला खरंच समजून घ्यायचंय, फेविक्विकने काय बिघडतं? चिकटायला तर घट्ट चिकटतं.

---

जपणूक | १५ जून, रात्री

घट्ट चिकटतं हेच बिघडतं. आमच्या कामात पहिला प्रश्न, हे उद्या सोडवता येईल का? तुमच्यानंतर कुणीतरी जास्त जाणकार येईल, त्याला तुमचं काम हलकेच काढता आलं पाहिजे. झटपट गोंद किंवा अॅराल्डाइट भाजक्या मातीच्या बारीक छिद्रांत शिरतं, पिवळं पडतं, आणि काढायला गेलं तर कडेचा पापुद्रा घेऊन निघतं. आम्ही पॅरालॉइड बी-७२ नावाचा ॲक्रिलिक राळेसारखा पदार्थ वापरतो, दाणे ॲसिटोनमध्ये विरघळवून. पिवळा पडत नाही आणि पन्नास वर्षांनी पुन्हा ॲसिटोन लावलं की सुटतो.

कॉलिनचं असं की आर्मांड मार्सेलच्या चांगल्या काळातल्या चेहऱ्याचे रंग भट्टीत भाजलेले आहेत, ते सहज जात नाहीत. पण नंतरच्या स्वस्त बाहुल्यांवर रंग भाजलेला नसतो, नुसता वरून लावलेला असतो, ओला कापूस फिरवला की अख्खा गाल कापसावर येतो. त्यामुळे आधी केसांखाली, दिसणार नाही अशा जागी ओल्या काडीने एक टिंब तपासायचं. आणि अंगाला तर पाणी अजिबात नको. ते लाकडाचा भुसा, सरस आणि कागदाचा लगदा यांचं आहे, वर रंग आणि व्हार्निश. पाणी लागलं की फुगतं आणि रंगाची खपली उडते.

सुईदोराताई, आता दोन गोष्टी करा. अंधाऱ्या खोलीत डोक्याच्या आत छोटा टॉर्च धरून बाहेरून बघा, तडा असेल तर काळी रेघ दिसेल. आणि नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा टॉर्च मिळतो तो आणा, तो सगळ्या अंगावरून फिरवा आणि काय चमकतं ते सांगा.

---

म्हापशेकर | १५ जून, रात्री १०:४५

मी लिस्बनहून लिहितोय. इथे प्रासा दा फिगेइरा चौकात बाहुल्यांचं हॉस्पिटल आहे, १८३० पासून चालू! खाली दुकान, वर "वॉर्ड", ड्रॉवरमध्ये नुसते हात, दुसऱ्यात पाय, तिसऱ्यात डोळे. माझ्या मुलीला घेऊन गेलो होतो, ती आधी घाबरली मग निघायलाच तयार होईना. प्रत्येक बाहुलीला पेशंटसारखा नंबर देतात.

आणि एक गंमत इथलीच. पोर्तुगालच्या संशोधकांनी तपासून दाखवलं की जुन्या रंगीत वस्तूंवरची मळाची पुटं काढायला माणसाची थुंकी खरंच चांगली, २०१८ मध्ये त्यांना इग नोबेल (गमतीशीर संशोधनाचं बक्षीस) मिळालं. जपणूकताई, खरंय का हे?

---

जपणूक | १६ जून, पहाटे १:१०

खरंय, आम्ही रोज करतो. लाळेत अमायलेज नावाचं पाचक द्रव्य असतं आणि ती कोमट असते. कापसाची काडी जिभेवर टेकवायची, फिरवायची, टाकायची, तीच काडी परत तोंडात नाही. शेवटी डिस्टिल्ड वॉटरची काडी. आमची आजी पदराला थुंकी लावून आमची तोंडं पुसायची त्याला शास्त्राचा आधार मिळाला म्हणायचा.

---

निळीशाई | १६ जून, दुपारी ४:३०

धाग्यात घुसते त्याबद्दल सॉरी. माझ्याकडे आजोबांनी रंगूनहून आणलेली जपानी बाहुली आहे, एकदम हलकी, पातळ, पिंगपाँगच्या चेंडूसारखी लागते. मी तिला प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून इतर खेळण्यांबरोबर ठेवलीय. काल हा धागा वाचून उघडली तर कापरासारखा आणि जरा आंबूस वास आला आणि शेजारच्या पितळी भातुकलीवर हिरवं चढलंय. काही संबंध असेल का?

---

जपणूक | १६ जून, रात्री ११:५५

आहे! आजच पिशवीतून काढा. ती सेल्युलॉइडची आहे, म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. जर्मनीतल्या मॅनहाइमच्या कारखान्याने १८९६ ला अशा बाहुल्या काढायला सुरुवात केली, पाठीवर कासवाची खूण असते, पुढे जपानने प्रचंड माल काढला. सेल्युलॉइड म्हातारं झालं की त्यातून आम्लाची वाफ निघते. पिशवीत बांधलं की ती वाफ आतच कोंडते, बाहुली आणखी जलद सडते आणि आसपासचा धातू, कापड, कागद सगळं खाते. तुमच्या भातुकलीवरचं हिरवं त्यामुळेच असणार.

वेगळं ठेवायचं, गार आणि हवेशीर जागी, आम्लमुक्त कागदावर, झाकण उघडं. देवघराजवळ, गॅसजवळ, दिव्याखाली चुकूनही नाही, क्षणात पेट घेतं. ॲसिटोनने पुसू नका, विरघळेल. अंगावर बारीक भेगांचं जाळं किंवा चिकट थेंब आले असतील तर तिचं आयुष्य फार उरलेलं नाही, फोटो काढून ठेवा. वाईट वाटतं सांगायला, पण हा आजार थांबवता येत नाही, फक्त लांबवता येतो.

---

निळीशाई | १७ जून, सकाळी ८:००

काढली. खिडकीजवळच्या फडताळात एकटीला ठेवलीय. पाठीवर जाळं आहे. आज दिवसभर फोटो काढणार.

---

सुईदोरा | २१ जून, रात्री १०:२०

जांभळा टॉर्च आणला, ऑनलाइन दोनशे रुपयात. आधी साधा टॉर्च: डोक्याला एकही तडा नाही. मी देवापुढे साखर ठेवली.

मग दिवे घालवून जांभळा टॉर्च लावला आणि सांगते मंडळी, अंगावर काटा आला. चेहरा सगळा एकसारखा मंद, आणि नाकाच्या डाव्या बाजूला, नथीच्या मुळाशी, ज्वारीच्या दाण्याएवढा नारिंगी ठिपका पेटल्यासारखा. हाताकडे गेले तर ते जाडं बोटही मुळाशी तसंच नारिंगी. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, त्यांनी तो टॉर्च माझ्या हातून घेतला आणि परत परत तिथेच फिरवत राहिल्या.

---

जपणूक | २२ जून, पहाटे १:३५

ती चपडा लाख. लाख अशीच नारिंगी चमकते, आत्ताचे गोंद असते तर निळसर पांढरे दिसले असते. म्हणजे नथ आणि बोट एकाच हाताचं, एकाच काळातलं काम, आणि जुनं. नंतरची डागडुजी कुठेच नाही.

---

रमाकांत | २२ जून, सकाळी ११:१०

मी गेली वीस वर्षं जुनी खेळणी जमवतो, स्पष्ट लिहितो. ३९० दुर्मीळ नाही, जगभर हजारोंनी आहेत. जे काही मोल आहे ते मूळ स्थितीला आहे. लाख स्पिरिटने विरघळते, रंग भाजलेला आहे त्याला धक्का लागणार नाही, त्यामुळे नथ काढून नाक साफ करा, बोट काढून साच्यातून तसंच जर्मन बोट करून बसवा, नऊवारी बाजूला ठेवा. जर्मन बाहुली जर्मन दिसली पाहिजे. त्या कारखान्यातल्या कारागिराचाही काही मान आहे की नाही?

---

सुईदोरा | २२ जून, दुपारी २:४०

रमाकांतजी, तुमचा मुद्दा कळतो, आणि कारागिराचा मान मलाही आहेच. पण विकायची असती तर मी इथे विचारलं नसतं. नऊ वर्षांची मुलगी, घरात सगळे मोठे, तिने या गोऱ्या बाहुलीला आपल्यातलं करून घेतलं. खण नेसवला, पोत घातली, लाख तापवून नथ लावली, लावताना हात पोळला असेल. बोट तुटलं तर ते जोडलं. मला जे जपायचंय ते हेच आहे. मूळ स्थिती म्हणायची तर माझ्या लेखी हीच तिची मूळ स्थिती.

---

जपणूक | २३ जून, पहाटे २:०५

दोघांचंही ऐकून माझं मत: रमाकांतकाका म्हणतात ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, स्पिरिटने लाख निघेल. पण ती दुरुस्ती शंभर वर्षं टिकलीय, बाहुलीला इजा करत नाहीये, आणि ती काढली की ज्याने केली त्याचा पुरावाच जातो. आज आमच्या टेबलावर ही बाहुली आली असती तर नथ आणि बोट आम्ही हात न लावता नोंदवलं असतं. बोट सुटत असेल तर कडेला पॅरालॉइडचा एक थेंब, बास. बोटावर लाल काय आहे ते मात्र बघा.

---

सुईदोरा | २३ जून, सकाळी १०:३०

कुंकू. भिंगातून बघितलं, रंग नाही, कुंकवाची पूड लाखेत बसलेली आहे.

---

चितारआळी | २४ जून, रात्री ९:१५

ताई, मी सावंतवाडीचा, आमच्या घरात तीन पिढ्या लाकडी खेळण्यांचं काम. एक विचारतो, ट्रंकेत बाहुला नाही मिळाला? बाहुलीला नथ आणि पोत म्हणजे लग्न लावलेलं असणार. त्या काळात घरोघर आपली ठकी असायची, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, पाय वेगळे नाहीत, लुगडं अंगावरच रंगवलेलं. ठकी पडली आपटली तरी काही होत नाही, पोरीने कडेवर घेऊन फिरवायची वस्तू ती. मेमसाब बाहुलीशी कुणी लाकडी बाहुला नवरा म्हणून उभा केलेला असणार बघा.

आमच्याकडे लोक जुन्या ठक्या घेऊन येतात, "रंगवून द्या". मी आधी विचारतो, कुणाची? आजीची म्हणाले की मी रंगवत नाही. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढतो, रंग सुटत असेल तिथे चिंचोक्याची खळ पातळ करून केसाएवढ्या कुंचल्याने खपलीच्या खाली सोडतो आणि बोटाने दाबून धरतो, तीच खळ जी गंजिफाच्या (जुन्या हाती रंगवलेल्या पत्त्यांच्या) पानांना लागते. एका खपलीला पाच मिनिटं. एका ठकीला दोन दिवस जातात. नवी हवी असेल तर नवी करून देतो, जुनी शेजारी ठेवा म्हणतो. ह्यां काम घाईचां न्हय.

---

सुईदोरा | २४ जून, रात्री ११:५०

दादा, बाहुला मिळाला नाही पण सासूबाई म्हणाल्या शेजारच्या वाड्यातल्या मुलीकडे होता, लग्न झाल्यावर बाहुली वाजत गाजत तिकडे जायची आणि संध्याकाळी माई जाऊन परत आणायच्या कारण रात्री तिला तिथे सोडवायचं नाही. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच!

---

सुईदोरा | १९ जुलै, रात्री १०:४०

अपडेट देते, खूप जणांनी व्यक्तिगत निरोप करून विचारलंय.

जपणूकताईंशी तीनदा व्हिडिओवर बोलले आणि मुंबईतल्या एका प्रशिक्षित संवर्धकांकडे दोन दिवस बाहुली घेऊन बसले, डोळ्यांचं काम त्यांच्या हाताखाली केलं, एकटीने केलं नसतं.

आधी केस. मोहेरचे आहेत, म्हणजे अंगोरा बकरीची लोकर. जाळीच्या टोपीवर शिवलेले, टोपी डोक्याला सरसाने चिकटवलेली. तेलाने सरस कधीच सुटला होता त्यामुळे टोपी आपसूक हातात आली. वेणी घातलेली, टोकाला रेशमी फीत, फितीला हात लावला तर तिचे उभे तुकडे पडले. त्या काळी रेशमाचं वजन वाढवायला कथलाचे क्षार पाजायचे, तेच रेशीम आतून चिरतात. तुकडे पाकिटात ठेवले. वेणी सोडली नाही, धुतली नाही. खवट वास आहे, राहू दे.

टोपीखाली पुठ्ठ्याची चकती, ती उचलली की डोकं वरून उघडं. आत टॉर्च टाकला तर निळे डोळे तळाशी, एकमेकांकडे बघत असल्यासारखे, आणि शेजारी प्लास्टरच्या दोन टिकल्या, अख्ख्या. नळाच्या वॉशरएवढ्या, एका बाजूला तारेचं घर, दुसऱ्या बाजूला डोक्याच्या आतल्या भिंतीचा ठसा. संवर्धक म्हणाले नवं प्लास्टर ओतायचंच नाही, यांना यांच्या जागा माहीत आहेत. आणि खरंच, टिकली आत धरून हळूहळू फिरवली तर एका जागी ती "बसली", बोटाला कळलं, कुलपात किल्ली फिरल्यासारखं. पॅरालॉइडचा पातळ हात, आधी उजवी, चार तास थांबून डावी. रात्रभर तशीच. दुसऱ्या दिवशी आडवी केली तर पापण्या मिटल्या. पापण्यांवर मेणाचा थर आहे, एका पापणीवर नखाचा ओरखडा आहे, लहान नखाचा.

इलॅस्टिक मी स्वतः ओवलं. गोल विणीचं घेतलं. एक फास डोक्यातल्या आकड्यापासून धडातून खाली दोन्ही पायांत, मांडीतून जाऊन पोटरीच्या आकड्याला. दुसरा आडवा, एका हाताच्या आकड्यापासून दुसऱ्या हाताच्या आकड्यापर्यंत. ओढून धरायला आजारी माणसाला टाके घालतात तो चिमटा वापरला, सर्जिकलच्या दुकानात मिळाला, आणि क्रोशाची लांब सुई. ताण किती ठेवायचा हा खरा प्रश्न, सैल राहिलं तर मान लोंबते आणि जास्त ओढलं तर डोकं धडावर आपटून मानेची कड उडते. मी पहिल्यांदा जास्त ओढलं, संवर्धकांनी सोडायला लावलं, तिसऱ्यांदा जमलं. मानेच्या खोबणीत मऊ चामड्याची चकती ठेवली आहे.

अंग फक्त कोरड्या ब्रशने. चेहरा, होय, थुंकीनेच, ऐंशी काड्या लागल्या. नाकाजवळ गेलेच नाही, नथीभोवतीचा मळ तसाच आहे.

खणाची नऊवारी कसरीने खाल्लेली होती, ती वेगळी काढून झिपच्या पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवली (बाहुली नाही हं! फक्त कापड). मग जाळीवरून व्हॅक्युम. भोकांच्या मागे रंगवलेल्या सुती मलमलीचे तुकडे रेशमी धाग्याने टाचले, खण कुठेच कापला नाही.

---

रमाकांत | २० जुलै, सकाळी ९:२५

फोटो दोनदा बघितले. माझं मत अजून तेच आहे की बाजारात ही अशी चालणार नाही. पण माझ्याकडे एक १९२० च्या दशकातली आहे, तिच्या पाठीवर पेन्सिलीने मोडीत नाव लिहिलंय आणि ते मी उद्या पुसणार होतो, ते आता राहू देतो.

---

बेधडक | २० जुलै, दुपारी १२:१०

रमाकांतजी नाव वाचून सांगा ना कुणाला तरी, मोडी वाचणारे इथे बरेच आहेत!

सुईदोराताई, आमच्या घरात मामीची एक बाहुली आहे १९९० च्या दशकातली, पाय चिकट झालेत, पावडर लावू का म्हणून विचारणार होतो, आता तुम्हालाच विचारतो.

---

जपणूक | २० जुलै, रात्री ११:४५

पावडर नको, चिकटून बसते आणि निघत नाही. पीव्हीसी (त्या बाहुलीचं प्लास्टिक) मऊ राहायला जे तेलकट द्रव्य घालतात ते बाहेर यायला लागलंय. कोरड्या सुती कापडाने टिपून घ्या, गार जागी मोकळं ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, दुसऱ्या प्लास्टिकला टेकवून नाही. डांबराच्या गोळ्या पण नकोत.

---

मधुमालती | २२ जुलै, सकाळी ७:४०

वाचनखूण साठवली. सुईदोराताई, आता ठेवणार कुठे? पावसाळा आहे, वाईला तर भिंती घाम फुटल्यासारख्या होतात.

---

सुईदोरा | २२ जुलै, रात्री १०:१५

वाईला नाही, पुण्यात माझ्याकडेच. काचेच्या शोकेसमध्ये उभी करा म्हणून सगळे मागे लागलेत पण सतत उजेड खणाला नको आणि ताण इलॅस्टिकला नको. दिवाळीत चार दिवस बाहेर काढणार, मुलं बघतील, हातात घेतील, खाली गादी घालून. एरवी आम्लमुक्त पुठ्ठ्याची पेटी, आत सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक, पन्नास-पंचावन्न टक्क्यांत ठेवायचा प्रयत्न आहे, जपणूकताई म्हणतात आकड्यापेक्षा तो रोज वरखाली होत नाही ना ते बघ. पेटीत एक कागद ठेवलाय, काय काय केलं, कुठल्या तारखेला, कुठला गोंद, आणि नथ-बोट कुणाचं काम हे सासूबाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय.

आणि पालथीच ठेवलीय. उशी मी शिवली, धुतलेल्या मलमलीची. पहिली सपाट केली होती तर नथ दाबली जात होती, म्हणून सासूबाईंनी उसवायला लावली आणि डाव्या नाकपुडीच्या जागी बोटाने दाबून खळगा केला, चार टाके घातले, आता नथ बरोबर त्यात बसते.

---

चितारआळी | २२ जुलै, रात्री १०:५०

खळग्याचा एक फोटो टाका गो ताई.

---

सुईदोरा | २२ जुलै, रात्री ११:०२

उद्या उजेडात काढते दादा. आता पेटी बंद केलीय, झोपलीय ती.